लाकडाचं पाखरू

जुनं कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला नागपुरातल्या संग्रहालयातली ती दुपार आठवते. वडील जाऊन दीडेक महिना झाला होता आणि आईचे डोळे दाखवायला आम्ही सेलूहून नागपूरला गेलो होतो. दहाव्याला नदीवर वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. ऊन चढेपर्यंत वाट पाहून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून आई एकच विचारायची, "त्यायचं काय राह्यलं असन रे?" उत्तर देऊन देऊन मी थकलो होतो. परतीच्या एसटीला वेळ होता, बाहेर उन्हात उभं राहवत नव्हतं, म्हणून संग्रहालयाच्या थंड, अंधाऱ्या, डांबरगोळ्यांचा वास कोंडलेल्या दालनात शिरलो. काचेमागे बोटाएवढं लाकडी पाखरू होतं, रंग उडालेलं, डोकं झिजलेलं. आईला डोळ्यांतल्या औषधानं धूसर दिसत होतं, म्हणून पाटी मी वाचून दाखवली. पाखरू इजिप्तमधलं, हजारो वर्षांपूर्वीचं होतं. मेलेल्याचा जीव पाखरू होऊन येतो, म्हणून तिथले लोक ते थडग्यात ठेवत. आई काचेला कपाळ टेकून उभी राहिली. "त्या लोकायच्या इथंबी नाई आला वाट्टे," ती म्हणाली. "मंग घरच्यायनंच लाकडाचा केला." त्यानंतर तिनं तो प्रश्न कधी विचारला नाही. मागच्या वर्षी त्याच नदीवर तिच्या पिंडालाही कावळा शिवेना. सगळे म्हणाले, अजून थोडं थांबू. मी खाली बसलो, भटजींकडून दर्भ मागून घेतला आणि तिचा कावळा माझ्या हातानं केला.