कारंज्यापासून पायऱ्यांपर्यंत

समुद्रकिनाऱ्याचं नुसतं नाव काढलं तरी मला शिसारी येते. लोक हवा खायला जातात म्हणे! माझ्या सासूबाई अकरा वर्षं तिथं झाडूकाम करतात, त्यामुळे तिथली हवा मला चांगली ठाऊक आहे. रोज घरी आल्या की बाहेरचे कपडे बादलीत टाकतात आणि आज वाळूतून काय काय निघालं ते मी न विचारता सांगतात. घाणेरडे डायपर, कुणाची तरी कवळी, एकदा तर पिशवीत गाठ मारून टाकलेली मेलेली मांजर. आणि हे सगळं मी ताटं वाढत असताना!

बागेतल्या कारंज्यापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपर्यंतची वाळू त्यांच्याकडे. तिचा त्यांना भारी अभिमान. "माझ्या वाळूत काच सापडली तर नाव बदलीन," म्हणायच्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार आहेत आणि एकच धोसरा धरून बसल्या होत्या. नातीनं, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या चिमीनं, त्या वाळूत एकदा अनवाणी पळायचं.

"अगं, एकदाच आण. नंतर मी कुठं नि ती वाळू कुठं!"

शेवटी एका रविवारी मी हो म्हटलं. चार वाजता येते म्हणाले.

त्या सकाळी काय झालं ते मला नंतर कळलं, पण आधीच सांगून टाकते. मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि कचऱ्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. भरलेली पोती तशीच पडून. मुकादम म्हणाला, "पुरा!" झाडूवाल्यांना हे नवीन नाही. खड्डा करायचा, पोतं ढकलायचं, वरून दाताळं फिरवायचं आणि खुणेला काठी रोवायची. साहेब गेले की उकरून काढायचं. सासूबाईंनी आजवर कागद पुरले होते, सालं पुरली होती. काच कधी नाही. त्या दिवशी त्यांच्या हातात होतं ते पोतं फुटक्या बाटल्यांचं होतं. तेही त्यांनी पुरलं आणि खुणेला मोडका खराट्याचा दांडा रोवला.

साहेब आले, वाहवा करून गेले. मुकादमानं सासूबाईंना पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कामाला जुंपलं. त्या परत आल्या तेव्हा खेळणाऱ्या पोरांनी दांडा उपटून त्याचा क्रिकेटचा स्टंप केला होता.

आम्ही चारला पोचलो. कठड्यावरून एक बाप्या खाली पचकन थुंकला. त्याच्या शेजारी एक बाई पोराचं ढुंगण पुसून तो कागद वाळूत दाबत होती, वर माझ्याकडे बघून हसली. हसतेस काय, मेले! तिथूनच परत फिरणार होते. पण शब्द दिला होता. कारंज्यापाशी मी चिमीला म्हटलं, "काढ चप्पल." पोरगी सुसाट पळाली.

समोरून सासूबाई धावत आल्या. साठीच्या बाईला इतकं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. "चप्पल! अगं, चप्पल घाल तिला!" असं ओरडत त्यांनी चिमीला उचललं आणि तिचे दोन्ही तळवे उलटून पाहिले. खरचटलंही नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपारपासून त्या उकरत होत्या, पोतं काही सापडत नव्हतं. आम्ही पायऱ्यांकडून येऊ, तिथंच अडवू, असा त्यांचा हिशेब होता.

"तुम्ही पुरलंत? तुम्ही, आई?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्या थुंकणाऱ्या बाप्याची आली नसेल एवढी किळस मला त्या क्षणी त्यांची आली. खोटं कशाला बोलू?

त्यांनी चिमीला माझ्या कडेवर दिलं आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागल्या. मी चिमीला चप्पल घालून कारंज्याच्या कट्ट्यावर बसवलं, साडी खोचली आणि शेजारी बसले. वाळू वरून कोरडी, खाली काळी, चिकट आणि कुजका वास मारणारी. माझी नखं भरली. एक माणूस उभा राहिला. "काय मावशी, सोनं हरवलं का?" असं म्हणून रिकामा कप आमच्याजवळच टाकून चालता झाला. मी त्याला अशी एक शिवी हासडली की सासूबाईही दचकल्या.

दिवे लागायच्या सुमाराला त्यांचा हात थांबला. "सापडलं," म्हणाल्या. पोतं फाटलं होतं आणि त्यांचा तळवा चिरला होता. तुकडा न् तुकडा आम्ही वेचला. मग त्यांनी त्याच जागेवरून तीनदा बोटं फिरवली.

चिमी कट्ट्यावरून ओरडली, "आजी, आता काढू चप्पल?"

सासूबाईंनी त्या वाळूकडे एकदा पाहिलं. कारंज्यापासून पायऱ्यांपर्यंत.

"नको गं बाळा," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर काढ."