तळहाताखालची जमीन

हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावाहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी नऊ वर्षं विज्ञान शिकवलं. बदलीची ऑर्डर हातात आली तेव्हा आधी तिथं राहून आलेल्या एका शिक्षिकेनं एवढंच सांगितलं होतं, "गाव चांगलं आहे. फक्त तिथली जमीन बोलते." मला वाटलं, काळी जमीन उन्हाळ्यात तडकते, भेगा पडतात, तसलं काही असेल.

रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर पानाचा छेद काढत होते. पायाखालून गुरगुर आली. लांब कुठंतरी टिप्परनं दगड ओतावेत तशी, पण ती लांबून येत नव्हती. शहाबादी फरशीतून ती माझ्या घोट्यापर्यंत चढली आणि मग कानाला कळली. खिडकीचं तावदान किणकिणलं. टेबलावरची खडूची पेटी बोटभर सरकली. मी वळून पाहिलं. पोरं फळ्याकडंच बघत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, झालं. काढा पुढचं."

मी पुढचं काढलं. पण त्या दिवशी माझ्या हातून एकही रेष सरळ आली नाही.

गावात ह्या आवाजाची जो तो आपापली कारणं सांगायचा. कुणी म्हणायचं खाली गॅस आहे, कुणी म्हणायचं पाणी उकळतंय, कुणी म्हणायचं सरकारनं कुठंतरी सुरुंग लावलेत आणि आपल्याला सांगत नाहीत. मी पुस्तकं उघडून बसले. आपल्या पायाखाली काळ्या दगडाचे थर आहेत. पूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि थिजला, त्याचे. त्या थरांना जुन्या भेगा आहेत. भेगांच्या दोन्ही बाजूंवर ताण असतो, पावसाळ्यात पाणी आत मुरलं की त्यांची पकड ढिली होत असावी, आणि एखादी बाजू केसभर सरकते. धक्का अगदी लहान असतो, पण उथळ असला की जमीन ढोलाच्या कातड्यासारखी थरथरते आणि वरच्या हवेला हलवते. तो आवाज. मी हे वर्गात सांगितलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मलाही बरं वाटलं. कारण कळलं की भीती जाते, असा माझा समज होता.

शाळेत खिचडी शिजवायला दोघी जावा होत्या. त्यांचं घर बौद्धवाड्यात, शाळेच्या मागंच. थोरलीला सगळे मावशी म्हणायचे. लहानपणी आलेल्या तापात त्यांचे कान गेले होते, त्यामुळं बोलणंही आलं नव्हतं. धाकटी जाऊ त्यांच्या खुणा वाचायची आणि आम्हाला सांगायची. मावशींचं माप कधी चुकत नसे. तांदूळ, डाळ, मीठ, सगळं नजरेनं.

एकदा मधल्या सुट्टीआधी मी पाणी प्यायला स्वयंपाकाच्या शेडकडं गेले. मावशी जमिनीवरच्या गॅसच्या शेगडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. एक हात पळीवर, दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीवर पालथा. डोळे उघडे, पण कशावरच नव्हते. मी थांबले. आवाज काहीच नव्हता. पाखरं होती, पोरांची पाढ्यांची ओरड होती. मग माझी नजर बादलीवर गेली. बादलीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती आणि मधोमध मिटत होती. वारा नव्हता. बादलीला कुणी हात लावला नव्हता.

मावशींनी तळवा उचलला, पदराला पुसला आणि पळी फिरवायला लागल्या.

"त्या काय करत होत्या?" मी धाकटीला विचारलं.

"खाली चाललेलं बघून राहिली," ती म्हणाली. "तिला लई येळा कळतं. आपल्याला ऐकू येतं त्याच्या कितीतरी जास्त येळा. दिवसातून धा-धा डाव हात टेकवती."

"भीती नाही वाटत त्यांना?"

धाकटीनं खुणेनं विचारलं. मावशींनी माझ्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवला, मग तो हात हळूहळू खाली नेला, कमरेखाली, गुडघ्याखाली, जमिनीपर्यंत. आणि खांदे उडवले.

"काय म्हणाल्या?"

"ते मला बी नीट कळलं न्हाई," धाकटी म्हणाली.

मी त्याच दिवशी एक वही सुरू केली. माझ्या टेबलावरून खिडकीतून शेड सरळ दिसायची. मावशींचा तळवा जमिनीवर गेला की मी घड्याळ बघून वेळ टिपायची. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगलं काय मिळणार, असं मला वाटलं. माणसाच्या कानाला सेकंदात साधारण वीस कंपनांच्या खालचं ऐकू येत नाही. कातडीला मात्र त्याहून संथ कंपनं जाणवतात. म्हणजे जमीन पुष्कळदा अशा सुरात हलत असणार की ते आमच्या कानांच्या खालून निघून जात होतं, आणि मावशींच्या हाताला लागत होतं. इतकं साधं होतं. पण वहीची पानं भरत गेली तसं माझ्या लक्षात आलं, सगळं शांत आहे म्हणून आम्ही निवांत बसायचो त्या वेळी खाली सारखी हालचाल चाललेली असायची. मी वर्गात उभी राहून बोलायची, आणि खिडकीतून तो तळवा जमिनीवर जाताना दिसायचा. मग माझे पाय फरशीवर नकोसे व्हायचे.

गावानं अर्ज-विनंत्या केल्यावर पावसाळ्याच्या तोंडाला भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक आले. त्यांनी शाळेच्या अडगळीच्या खोलीत खड्डा खणून एक यंत्र बसवलं. सव्वा महिन्यानं ते नोंदी न्यायला आले तेव्हा मी संकोचत माझी वही पुढं केली. आधी ते हसले. मग लॅपटॉप उघडून वेळा लावत बसले. हळूहळू त्यांचं हसणं गेलं.

"मॅडम, ह्या वेळा कुणी टिपल्या?"

"मी. पण कळलं मावशींना."

बहुतेक नोंदी जुळत होत्या. गावात कुणालाही ऐकू न आलेले धक्के यंत्रावर होते आणि माझ्या वहीतही. काही मात्र कशाशीच जुळत नव्हते. त्या वेळी यंत्रावर सरळ रेघ होती. "ट्रॅक्टर गेला असेल," प्राध्यापक म्हणाले. "किंवा त्यांना भास झाला असेल." मी त्यातल्या दोन वेळा आठवून बघितल्या. रस्त्यानं काही गेलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

पोळा होऊन गेला होता. दुपारची खिचडीची वेळ होती. पोरं ताटल्या घेऊन शेडच्या मागच्या भिंतीला धरून सावलीत ओळीनं बसली होती. ती भिंत जुनी, दगडमातीची. मावशींनी तळवा टेकवला. उचलला. परत टेकवला. मग दोन्ही तळवे टेकवले. मी हे खिडकीतून बघत होते, आणि टिपण्यासाठी पेन उचललं होतं.

त्या एकदम उठल्या, गॅस बंद केला आणि पहिल्या पोराच्या दंडाला धरून त्याला मैदानात ओढत नेलं. मग दुसऱ्याला. त्यांच्या घशातून एक आवाज निघत होता, मी तो आधी कधी ऐकला नव्हता. पोरं घाबरून स्वतःच पळाली. मुख्याध्यापक बाहेर आले.

"काय चाललंय हे? मावशीला काय झालं?"

"सर, ती म्हणून राहिली, एकामागं एक येऊन राहिलेत," धाकटी म्हणाली. "थांबत न्हाईत म्हणती."

आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही झालं नाही. पोरं हसायला लागली. मुख्याध्यापकांनी पोरांना परत ओळीत बसायला सांगितलं. मावशी शेडच्या वाटेवर हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक चिडून त्यांच्याकडं निघाले, आणि त्यांनी दोनेक पावलं टाकली असतील तेवढ्यात आवाज आला.

ह्या वेळी ती गुरगुर नव्हती. कुणीतरी खालून जमिनीला खांदा दिल्यासारखं झालं. मैदानातल्या कडुलिंबावरची सगळी पाखरं एकाच वेळी उठली. मागची भिंत आधी पोट पुढं काढल्यासारखी फुगली आणि मग शेडमध्ये व सावलीच्या जागेवर दोन्हीकडं बसली. धूळ खाली आली तेव्हा खिचडीचं पातेलं दगडांखाली होतं. पोरांच्या ताटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, तशाच ओळीनं चेपलेल्या दिसल्या. एकाही लेकराला खरचटलं नव्हतं.

इथवर मला अभिमान आहे. पुढचं सांगताना लाज वाटते. पालकांच्या सभेत मी ती वही उघडून दाखवली. हिंगोलीहून मोबाइलवर बातम्या करणारा एक जण आला, त्यालाही दाखवली. मावशींना जमिनीवर हात ठेवून बसायला लावून त्यानं चित्रीकरण केलं. मी शेजारी उभी राहून वीस कंपनांचं समजावून सांगत होते. त्याच्या व्हिडिओत माझं बोलणं कुठंच नव्हतं. फक्त मावशींचे उघडे डोळे होते, आणि त्याखाली वाजणारं भेसूर संगीत.

आठवड्याभरात लोक यायला लागले. जे कधी त्या वाड्यात पाणी प्यायला थांबले नव्हते, ते नारळ घेऊन आले. धाकटी दारात उभी राहून त्यांना परत पाठवायची.

"आमच्यात अंगात-बिंगात येत न्हाई," ती सांगायची. "आत भिंतीवर फोटू कुणाचा हाय ते तर बघा, मग नारळ आणा."

नारळ थांबले, आणि त्याच्या जागी भीती आली. मावशी दुकानात गेल्या आणि पदर सावरायला वाकल्या, तरी आजूबाजूचे बाहेर पळायचे. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "ती खाली बघती तवाच हलतं, मॅडम. आधी एवढं हलत नव्हतं." मी त्याला भेगा, थर, पाणी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते बराबर हाय. पण तिला म्हणावं, बघू नको." रस्त्यावरची बायाबापडी मावशींच्या नजरेकडं पाहत आणि नजर कुठं जाते त्याच्या उलट दिशेला सरकत. कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.

मावशी शाळेत यायच्या बंद झाल्या. तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. बाहेर अंगणात हळद निवडून झाल्यावर झाडतात तसं स्वच्छ झाडलेलं होतं. मावशी बाजेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मी बसायला खाली वाकले आणि बाजेचे पाय बघितले. चारही पायांखाली टायरचे जाड तुकडे होते, दोन-दोन थर, मध्ये चिंध्या कोंबलेल्या.

"हे काहून?" मी विचारलं.

"झोपंत बी येतं तिला," धाकटी म्हणाली. "आपल्याला कान झाकून घेता येतात, मॅडम. ती काय झाकंल? सगळ्या अंगानंच तर ऐकती. पयले तकलीफ नव्हती. येत हुतं, जात हुतं. तुमी लिहायला लागल्यापासून ती वाट बघायला लागली."

मावशींनी मला हातानं जवळ बोलावलं. माझा तळवा हातात घेतला आणि जमिनीवर पालथा दाबून धरला. शेणानं सारवलेली थंड जमीन. मी श्वास धरला. काहीच नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग मला वाटलं की आहे, अगदी खोल, संथ, ठराविक अंतरानं. मावशींनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवलं आणि तेच बोट माझ्या तळव्याकडं वळवलं. माझंच रक्त होतं ते.

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण धाकटी त्यांच्याकडं बघतच राहिली.

मी वही त्यांच्यापुढं ठेवली आणि हातानं फाडण्याची खूण केली. मावशींनी ती घेतली, चाळली, वेळांच्या रांगांवरून बोट फिरवलं. फाडली नाही. बाजेखाली सरकवून ठेवली. मी माफी मागितली. धाकटीनं ती खुणेनं पोहोचवली की नाही, मला कळलं नाही.

ग्रामसभेत मी उभी राहून सांगितलं की मावशींना भूकंप आधी कळत नाही, कुणालाच कळत नाही. त्या दिवशी लहान धक्के लागोपाठ आले, त्यांनी ते ओळखले आणि पोरांना बाहेर काढलं, एवढंच. लहान धक्क्यांनंतर दर वेळी मोठा येतोच असंही नाही. किती जणांना पटलं ते सांगता येत नाही. पाऊस संपला, जमीन शांत झाली आणि लोकांना कापूस वेचायला जायचं होतं. भीतीला वेळ उरला नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशी परत आल्या. नवी पत्र्याची शेड झाली होती. त्यांच्या पायांत रबराच्या जाड तळाचे बूट होते, कामाच्या ठिकाणी गवंडी घालतात तसे. त्या आता उकिडव्या बसत नसत. उंच ओट्यावर उभ्यानं शिजवत. खिडकीतून मी बघायचं सोडलं होतं, तरी नजर जायचीच.

माझी बदली झाली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी पाणी प्यायला शेडकडं गेले होते, सगळीकडं शांत होतं. मावशींनी पळी ठेवली, एका हातानं ओट्याला धरलं आणि उजव्या पायातला बूट काढला. पाय जमिनीवर ठेवला. फार तर तीन-चार श्वासांएवढा वेळ. मग बूट परत घातला, नाडी बांधली, आणि धाकटीला मीठ द्यायची खूण केली.

प्राध्यापकांचं यंत्र अजून अडगळीच्या खोलीतच होतं. खाली खरंच काही हललं का, ते जाऊन बघता आलं असतं. मी वर्गात परत गेले.