सहा पायांची होडी

आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटाचं एक दार बंद होत नाही. आत लाकडी होडी ठेवली आहे आणि तिचं टोक बोटभर बाहेर येतं. माप मीच घेतलं होतं. कपाटाचं बाहेरून घेतलं, आतून घ्यायचं राहिलं. आणि मी पोरांना जन्मभर भूगोलाबरोबर गणितही शिकवलं आहे. पाहुणे येतात, चहा पितात, होडीकडे पाहतात आणि विचारतात, "गुरुजी, मेडशीत होडी कायले?" प्रश्न रास्त आहे. आमच्या या वाशिमकडच्या गावात सोयाबीन आहे, तूर आहे, एसटी आहे. समुद्र फक्त नकाशात.

होडी केली सुनेसाठी. मुलगा पनवेलला नोकरीला होता, तिथेच त्याचं जमलं. मुलगी रायगडच्या किनाऱ्यावरची, कोळ्याच्या घरची. लग्नानंतर मुलाची बदली वाशिमला झाली आणि उन्हाळ्यात दोघं आमच्याकडे राहायला आली. तिचं काम कॉम्प्युटरवरचं, घरून चालणारं.

पोरगी गुणी. कुरकुर नाही, रुसवा नाही, आणि तीच पंचाईत होती. भाकरी छान झाली म्हणायची आणि अर्धी ताटात ठेवायची. मला काय हाक मारावी हे तिचं ठरत नव्हतं, म्हणून समोर येऊन उभी राहायची आणि मी वर पाहीपर्यंत थांबायची. माहेरून एक मोठी बॅग आणली होती. तिच्यातून कपडे काढायची, धुवायची, घडी घालून परत तिच्यातच ठेवायची. तिच्यासाठी रिकामा केलेला कपाटाचा कप्पा रिकामाच होता.

बायको एकदा म्हणाली, "पाहुण्यावानी राहून राह्यली पोरगी. ते बॅग रिकामी होईन तवा समजा, हे घर तिचं झालं." तेव्हापासून मी त्यांच्या खोलीसमोरून जाताना चोरून बॅगेकडे पाहू लागलो. बॅग फुगलेलीच असे.

तिच्या मोबाइलवर एका होडीचा फोटो होता. वडिलांची होडी. त्यांचे गुडघे गेले आणि ती विकावी लागली, एवढं मुलाने सांगितलं. मला वाटलं, ही होडी आपल्या बैठकीत आली तर पोरीला या घरात आपलं काहीतरी दिसेल. मुलाकडून गुपचूप फोटो मागवला आणि एसटी स्टँडमागच्या मिस्तरीकडे गेलो. त्याचं वडिलोपार्जित काम बैलगाड्यांचं, आता पलंग नि दरवाजे करतो. त्याच्याकडे चौकटीचे सागवानी तुकडे उरले होते. समुद्र त्यानेही पाहिला नव्हता, पण तशी अट मी घातली नव्हती.

फोटोत होडी वाळूवर उभी होती आणि तिच्या पोटाला तीन वासे तिरपे टेकलेले होते. मिस्तरीने फोटो मोठा करून पाहिला.

"गुरुजी, हे पाय कायले असतीन?"

इथे मी म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. पण शिक्षकाच्या तोंडाला त्या वाक्याची सवय नसते. मी त्याला भरती-ओहोटी समजावली. ओहोटीला पाणी सरकलं की होडी गाळात बसणार, बसली की कलंडणार, म्हणून मुळातच तिला पाय काढलेले असतात. चंद्र, पृथ्वी, सगळं खडूने फळीवर काढून दाखवलं. मिस्तरीला पटलं. मलाही पटलं, बोलता बोलता.

तो म्हणाला, या बाजूले तीन, तर त्या बाजूले बी तीन असतीनच. हिशोब बरोबर होता. आम्ही सहा पाय केले आणि आरपार भोकं पाडून बोल्टने असे आवळले की होडीवर माणूस उभा राहिला असता.

रोज दुपारी घरी 'जरा फिरून येतो' सांगून मी मिस्तरीकडे जाऊन बसायचो. फळ्या वाकवायला त्याला बराच त्रास झाला, मला सूचना करायला अजिबात झाला नाही. होडीला हळूहळू पोट आलं. कोरंच लाकूड, रंग नाही, खाली सहा पाय. अशा वेळी आमचा गिरणीवाला सायकल टेकवून आत डोकावला. त्याने होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाळणा काय गुरुजी?"

होडी म्हणावं तर गुपित फुटणार, आणि गिरणीवाल्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. म्हणून मी काहीच न बोलता नुसता हसलो. मोठा धूर्तपणा केला असं वाटून घरी आलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सून दळण घेऊन गिरणीवर गेली. तिथल्या बायकांनी तिचं अभिनंदन केलं. एकीने कितवा महिना विचारलं. दुसरीने सांगितलं की सासऱ्याने सागवानी पाळणा करायला टाकला आहे, नशीब काढलंस. पोरगी पीठ न घेताच घरी आली.

मी घरात पाय ठेवला तेव्हा बायको दारातच उभी होती. "कोणाले विचारून पाळणा करून राह्यले तुमी? पोरगी बॅग भरून राह्यली तिकडं. उद्याच्या गाडीनं माहेरी जातो म्हणते."

बॅग मुळात रिकामी झालीच नव्हती, तिला भरायला कितीसा वेळ लागणार? खोलीत गेलो तर चेन लावून झाली होती. मुलगा बाजूला उभा, तोंड माझ्यासारखंच उतरलेलं. फोटो मागितला त्याच्याकडे, पण कायले ते त्यालाही सांगितलं नव्हतं.

सून शांतपणे म्हणाली, "लग्नाला चार महिने झालेत. पाळणा झाला, सगळ्या गावाला कळलं, आणि मला ते गिरणीवर कळलं."

मला एरवी कुठल्याही विषयावर तास घेता येतो. तेव्हा मात्र तसाच स्कूटीवर बसलो, मिस्तरीकडून होडी उचलली, पोत्यात गुंडाळून पायांशी ठेवली आणि घरी आणून तिच्या बॅगेशेजारी उभी केली. पोतं काढलं.

तिने होडी पाहिली. मग मोबाइल काढला, फोटो पाहिला, पुन्हा होडी पाहिली. खाली बसून पुढच्या टोकावरून हात फिरवला.

"आमची आहे ही," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आणि हे पाय?"

आता मला धीर आला. मी भरती-ओहोटी सांगितली. चंद्र आला, पृथ्वी आली, गाळ आला. तिने चांगल्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं. ओठ मात्र दाबून धरले होते. मी "म्हणून मुळातच" म्हणालो आणि तिथे तिचा धीर सुटला. ती जमिनीवर बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आमच्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मामाजी, होडीला पाय नसतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ना, तेव्हा होडी वर ओढून ठेवतात. कलंडू नये म्हणून टेकू देतात. नारळी पौर्णिमा झाली की टेकू काढायचे आणि होडी पाण्यात."

मामाजी ही आमच्याकडची सासऱ्याची हाकही पहिल्यांदाच आली होती, पण तेव्हा माझं लक्ष सहा बोल्टांकडे होतं.

बायको दारातून म्हणाली, "बैल करायले सांगतला असता, तर त्याले बी सहा पाय लावले असते यायनं."

मी लगेच पान्हा शोधायला उठलो. सुनेने थांबवलं. "आता पावसाळाच आहे. राहू द्या." मग होडीकडे पाहत म्हणाली, "टेकू लागले की बाबा घरी असायचे. रात्री सगळे एकत्र जेवायचो."

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. दुपारी होडी रंगवायला परत नेली, तेव्हा मिस्तरीकडे आली, माझ्याबरोबर. निळा पट्टा कुठे, तांबडा कुठे, हे आम्हाला सांगत उभी राहिली. मी एकदाच मध्ये बोललो आणि मिस्तरीने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बोललो नाही. गिरणीवर बायकोने जाऊन काय सांगितलं ते मला कळलं नाही. गिरणीवाला मात्र मला पाहिलं की अजून सायकल वळवतो.

नारळी पौर्णिमेला ती माहेरी गेली, चार दिवसांसाठी, खांद्याला एक पिशवी लावून. मोठी बॅग इथेच होती, पलंगाखाली, चपटी. मी वाकून पाहिलं तर बायकोने मागून विचारलं, काय हरवलं.

जाताना सुनेने मला काम देऊन ठेवलं होतं, टेकू काढायचं. मिस्तरीने आणि मी घाम गाळून बोल्ट सोडवले, भोकांत रंगाऱ्याची लांबी भरली, वरून रंग दिला. होडी कपाटात ठेवली आणि ती लगेच कलंडली. तिचं खालचं लाकूड सपाट नव्हतंच. शेवटी मी दोन्ही बाजूंनी भूगोलाची जुनी पुस्तकं लावली. एक चौथीचं, एक सातवीचं.

सून परत आली, पुस्तकं पाहिली, तशीच राहू दिली. सहा टेकू एका सुतळीने बांधले आणि आपल्या कप्प्यात साड्यांमागे ठेवून दिले. "पुढच्या पावसाळ्यात लागतील," म्हणाली.