सांगवीच्या बंड्यांमागून अकोल्याला

निखिल आणि मीरा,

परवा फोनवर निखिल अर्धा वेळ एकाच माणसाबद्दल बोलत होता. तुमच्याकडच्या रुंद रस्त्यावर पुढे जाणाऱ्यांसाठी जी पट्टी राखलेली असते, तिच्यात कुणी म्हातारा आरामात मोटार चालवत होता. निखिलने भोंगा वाजवला, दिवे लुकलुकवले, तरी तो हलला नाही. मी म्हणाले, "मीसुद्धा एकदा अशीच अडकले होते." मीरा हसली, "आजी, तू? कुठे?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. शिवाय इथे अमरावती ते अकोला रस्ता रुंद करायला घेतला आहे, कडेची झाडं पाडून झाली. आता लिहिलं नाही तर जुना रस्ता कसा होता हे मलाच सांगता यायचं नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शाळाखात्याचे हुकूम नागपूरहून येत. मी मॅट्रिक होऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं होतं. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत एक जागा निघाली. मुलाखत घ्यायला नागपूरच्या इन्स्पेक्टर मडम अकोल्याला येणार, दुपारी चार वाजता उमेदवारांना भेटणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार, असं कळवण्यात आलं होतं. वडिलांनी मला साफ सांगितलं होतं, "जागा मिळाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही मिळाली तर आलेल्या स्थळाला होकार कळवतो." स्थळ वाईट नव्हतं. पण मला शिकवायचं होतं.

मला बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोचवायचं काम नानामामांनी अंगावर घेतलं. मामा अमरावतीत वकील होते, आणि नुकतीच त्यांनी विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून जुनी मोटार घेतली होती. छपरावर कापड, पुढे हँडल, बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. मार्गशीर्षातली थंडी होती. मामांनी हँडल मारून मारून कोट काढला, मग टोपी काढली, तेव्हा कुठे मोटार खोकली. आम्ही बडनेऱ्याच्या फाटकाशी आलो तर फाटक बंद, आणि आमच्या डोळ्यांसमोरून माझीच गाडी अकोल्याकडे निघून गेली.

"काय बिघडलं?" मामा म्हणाले. "सुमे, आपण मोटारीने सरळ अकोल्यालाच जाऊ. आगगाडीच्या आधी पोचवतो तुला."

आगगाडीच्या आधी आम्ही पोचणार नव्हतो, हे मला ठाऊक होतं. पण चारच्या आत पोचायला हरकत नव्हती.

बडनेरा सुटलं की दोन्ही बाजूंना सपाट काळं रान लागतं. कापूस फुटून शेतं पांढरी झाली होती. वेचणाऱ्या बाया ओळीने चालत होत्या, आणि मोटारीचा आवाज ऐकून एकजात कमरेवर हात ठेवून उभ्या राहत होत्या. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस शिंपडून गेला होता, त्यामुळे धूळ नव्हती आणि कडुनिंब धुतल्यासारखे दिसत होते. कुरूमच्या पुढे इंजिनातलं पाणी उकळलं. रस्त्याकाठी एका माळ्याची वांग्यांची बाग होती. तिथल्या बाईने पाणी तर दिलंच, वर कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडदाच्या पिठाची) आणि मिरचीचा ठेचा हातावर ठेवला.

"मोटार बी पानी पिते का, माय?" तिने विचारलं.

"पिते. पण चारा नाही खात," मी म्हणाले.

"मंग बरी हाय," ती म्हणाली, आणि वाटेत खायला दोन मुळे दिले.

मूर्तिजापूर दुपारच्या आत मागे पडलं. मामा खुशीत गुणगुणू लागले. आणि काटेपूर्णा नदी यायच्या आधी आम्हाला बंड्या लागल्या.

बंडी म्हणजे आमची बैलगाडी. त्या सगळ्या कापसाच्या होत्या, वर चादरी ताणून बांधलेल्या, दुरून पाहिलं तर उशांची रांग चालल्यासारखी. आता रस्ता कसा होता ते नीट समजून घ्या. मध्ये गिट्टीचा एकच पक्का पट्टा, एका वाहनापुरता. डाव्या हाताला मातीची टणक कड, तिच्यावरून बंडी जाऊ शकते, पण हळू; मोटारीचं तिथे काही चालायचं नाही. उजव्या हाताला पावसाने भिजलेली काळी माती, तिच्यात चाक गेलं की आसापर्यंत रुतलंच. बंड्या सगळ्या पक्क्या पट्ट्यावरून, बैलांच्या मर्जीने चालल्या होत्या. काही गाडीवान तर चक्क झोपले होते.

मामांनी भोंगा वाजवला. मागची बंडी लगेच डावीकडे झाली. तिच्या पुढची झाली. मागून पाच-सहा बंड्यांनी असा हसतमुखाने रस्ता दिला की मामा म्हणाले, "पाहिलंस? सभ्य माणसं आहेत." मला तो सभ्यपणा जरा जास्त वाटला. आणि तसंच झालं. आम्ही पुढे सरकलो की मागच्या बंड्या डावीकडून परत पट्ट्यावर येत आणि मोटारीच्या शेपटाला चिकटत. शेवटी आमच्या पुढे एक बंडी आली ती काही हलेना. मामांनी भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. गाडीवानाने मागे वळून पाहिलं आणि परत पुढे तोंड केलं.

"अहो, बाजूला व्हा!" मामा ओरडले. "सार्वजनिक रस्ता अडवणं गुन्हा आहे!"

"लिहून द्या, वकीलसाहेब. आमी मंग वाचू."

"मी वकील आहे हे तुला कसं कळलं?"

"आवाजावरून," तो म्हणाला. मागच्या बंड्यांवर हशा उठला.

मागचेही आता दाटून आले होते. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि आमचा वेग बैलांचा. मी मामांच्या खिशातलं घड्याळ पाहिलं. असंच चाललं असतं तर दिवेलागणीला अकोला, म्हणजे मडम गाडीत आणि मी बोहल्यावर.

मी मोटारीतून उतरले. मामा म्हणाले, "सुमे, चिखल आहे!" मी पदर खोचला आणि चालू लागले. बैल सावकाश चालतात, त्यामुळे मला सगळ्यांत पुढची बंडी गाठणं जड गेलं नाही. तिच्यावर एक मिशीवाले गृहस्थ पाय सोडून बसले होते.

"राम राम. कोणत्या गावच्या बंड्या?"

"सांगवीच्या. मी काशीराम पाटील. तुमची का ते मोटार?"

घरी आम्ही पुस्तकी बोलत असू, पण गल्लीतली बोली मला येत होती आणि तिथे तीच कामाची होती. "पाटील, बंड्या डावीकडं घ्या ना बापा. मले चार वाजता अकोल्यात पोचाचं हाय."

"काहून? लगन हाय का कोनाचं?"

"माझं होऊ नये म्हनूनच चालली."

पाटलांनी कासरा ओढून बैल थांबवले. मी सगळं सांगितलं: मास्तरणीची जागा, मडम, स्थळ. सांगवीची अख्खी रांग थांबून ऐकत होती.

"काम तं चांगलं हाय," पाटील म्हणाले. "पन रस्ता नाई सोडत."

"का बरं?"

"मांगं पाहा. तुमच्या मोटारीमांगं कोन चिकटलं हाय? दहीगाव. उद्या सकायी अकोल्यात हर्रास (लिलाव) हाय. ज्याची बंडी आदी उभी, त्याचा माल आदी. मांगचा येईपर्यंत भाव पडते. आमी पाहाटेपासून पुढं हावो. आता आमी कडंले झालो, की तुमची मोटार निंगन आन् तिच्या मांगं समदं दहीगाव निंगन. गेल्या खेपेले असंच केलं त्या गनपतनं. मोटारीच्या आडून घुसला गडी. माया साळा हाय थो! बायकोचा सख्खा भाऊ!"

आता दहीगावकरांचा सभ्यपणा समजला. मी परत मागे गेले. मोटारीला लागून जी बंडी होती, तिच्यावर दहीगावचे पाटील गणपतराव लाल पागोटं बांधून मजेत बसले होते. मामा तोवर त्यांना दंडविधान समजावून सांगत होते आणि ते मान डोलावत होते.

"भाटव्यानं (बहिणीच्या नवऱ्यानं) काय सांगलं, बाई? नाई म्हनला ना? लय अडेल मानूस."

"तुम्ही पुढं घुसनार नाही असं कबूल करा, म्हंजे थे सोडतीन."

"करतो ना. कबूल." आणि मागे बसलेल्या साऱ्या दहीगावाने खो खो हसून त्या शब्दाची किंमत मला सांगून टाकली.

एक गोष्ट मात्र मी मोटारीतूनच पाहिली होती. दहीगावच्या रांगेत गणपतरावांच्या बंडीच्या पुढे त्यांच्या गावचा कोणी जात नव्हता, अगदी कडेला जागा असली तरी. मी त्यांच्या मागच्या गाडीवानाला विचारलं, "तुमची पहिली बंडी थांबली तर?"

"तं आमी थांबलो," तो म्हणाला. "पाटलाच्या बंडीपुढं गावची बंडी काहाडत नसतेत."

मग सोपं होतं. मी गणपतरावांना म्हणाले, "पाटील, मोटारीत बसता का?"

त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा म्हणाले, "बैल सोडा, बंडी इथंच उभी करा, आन् आमच्यासंगं मोटारीत बसा. सांगवीच्या समद्या बंड्या मागं टाकून तुम्हाले पुढं उतरवून देतो. मग चालत परत या."

"आन् माया बंडीचं?"

"तिथंच राहील. तशी बी थे सांगवीच्या मागंच आहे. नाही बसले तरी मागं, बसले तरी मागं. पण बसले तं भाटव्याच्या नाकासमोरून मोटारीतून जाल."

गणपतरावांनी पागोटं सारखं केलं. बैलांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. मागून कुणी म्हणालं, "बसा ना, पाटील! बंडी मांगं राहाली तरी मानूस तं पुढं गेला!" त्यांनी उडी टाकली आणि जू उतरवलं.

मी काशीराम पाटलांकडे धावत गेले. "गणपतरावांचे बैल सोडले. आता दहीगाव जागचं हलत नाही. स्वतः पाहा." त्यांनी बंडीवर उभं राहून हात कपाळाला लावून पाहिलं. त्यांचा साळा आमच्या मोटारीत मामांच्या शेजारी ताठ बसला होता.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. "त्याले अकोल्याले नेऊन इकत असान तं रस्ता फुकट देतो." आणि मागे हाळी दिली, "कडंले घ्या रे! समदे!"

बंड्या एकामागून एक डावीकडे उतरल्या. पक्का पट्टा मोकळा झाला. मी मामांना आधीच बजावलं होतं की बैल बुजतात, भोंग्याला हात लावायचा नाही. तरी सांगवीची पहिली बंडी आली तेव्हा गणपतरावांनी स्वतःच एकदा फुगा दाबला. "काय भाटवे! या मांगून हयूहयू (हळूहळू)!" काशीराम पाटलांनी चाबूक उगारला, पण हसू त्यांनाही आवरेना. बरंच पुढे जाऊन गणपतराव उतरले. "मामासाहेब, मऊ हाय गादी," एवढंच म्हणाले आणि आल्या वाटेने, गावचा मुखिया म्हणून शोभेल अशा चालीने, परत निघाले.

काटेपूर्णा ओलांडली, बोरगाव गेलं, आणि अकोल्याच्या जिनांची (सरकी काढायच्या कारखान्यांची) धुराडी दिसू लागली. मामा मोटार पळवत होते. मडम उतरल्या होत्या त्या बंगल्याच्या पायरीशी मी उतरले तेव्हा शिपाई माझं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता.

मडमनी माझ्या लुगड्याच्या चिखलाने भरलेल्या काठाकडे पाहिलं. मी इंग्रजीत रस्त्याची हकीकत सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. उशिरा येणाऱ्यांनी कारणं सांगायची असतात, तुम्ही वेळेवर आला आहात, बसा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला व्याकरण विचारलं, भूगोल विचारला, आणि एका वर्गात दोन जातींच्या मुली एका बाकावर बसायला तयार नसतील तर काय कराल, असं विचारलं. मी म्हणाले, आधी दोघींना वेगवेगळं विचारीन की त्यांना भीती कशाची आहे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. उठता उठता म्हणाल्या, पुढच्या सोमवारी कामावर या.

रात्र आम्ही मामांच्या पक्षकाराकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. बोरगावच्या पुढे पुन्हा बंड्या लागल्या, या वेळी रिकाम्या, आणि सांगवी कुठली, दहीगाव कुठलं, काही कळू नये अशा मिसळलेल्या. साळा-भाटवे एकाच बंडीवर बसून चिलीम ओढत होते, दुसरी बंडी मागे बांधलेली. मामांनी भोंग्याकडे हात नेला आणि परत आणला.

काशीराम पाटील उभे राहिले. "झाल्या का मास्तरीन?"

"झाले!" मी मोटारीतून उभी राहून ओरडले.

"मंग कडंले घ्या रे! मास्तरीनबाई चालल्या!"

सबंध रांग डावीकडे झाली. आम्ही जाताना प्रत्येक जण विचारत होता, पगार किती, राहणार कुठे, मुली मारक्या तर नाहीत. सगळ्यांना उत्तरं देता देता आम्हाला भोंगा वाजवूनही लागला नसता इतका वेळ लागला, पण आता घाई नव्हती.

त्या प्रवासाने मला एक सवय लावली, ती सबंध नोकरीत उपयोगी पडली. समोर कोणी वाट अडवून बसलं की मी आधी उतरून त्याच्यापर्यंत चालत जाते. तो बहुतेक वेळा माझ्यामुळे अडलेला नसतो, माझ्या मागे कोण आहे हे पाहून अडलेला असतो.

नानामामा गेले, मोटार भंगारात गेली. कापूस आता ट्रकांतून जातो आणि रस्त्याकाठचे कडुनिंब यंदा गेले. शाळा आहे. मुली आता फार झाल्या म्हणून ती दोन वेळा भरते.