माझ्या हातून होणारं मोठं काम

आमच्या घरात लिहिणारं कोणी नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला. दोन वर्षं शिकून लगेच जगण्यामरण्यावर लिहायला बसलो, हे जरा जास्तच होतंय. माफ करा.

उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, म्हणून आम्ही डिझेल इंजिन विहिरीतच फळ्यांवर उतरवलं होतं. धूर आत कोंडतो हे मला ठाऊक होतं, तरी ते बंद करायला उतरलो आणि बेशुद्ध पडलो. धुऱ्यापलीकडच्या शेतातले काका ओला दुपट्टा तोंडाला बांधून खाली आले. त्यांनी मला दोर बांधला. वरच्या माणसांनी मला ओढून काढेपर्यंत तेच खाली कोसळले.

मी दुसऱ्या दिवशी घरी आलो. ते वाशिमच्या दवाखान्यात, नाकातोंडात नळ्या घालून.

घरी माणसं जमायची. "काय दिसलं रे तुले तिथं? उजेड दिसला असन."

दिसलं काहीच नव्हतं. शर्टावर माझीच ओकारी होती, तेवढी आठवते. पण तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, हो, दिसला. एका म्हातारीनं माझ्या पायाला हात लावला आणि मला ते आवडलं. आजही त्याची किळस येते.

आत्या सगळ्यांना सांगायची, "मारोतीनं वाचवलं. याच्या हातून मोठं काम होनार हाय."

मारोतीपुढे पंगत बसली. काकांच्या घरी, बौद्ध वस्तीत, बोलावणंच गेलं नव्हतं. मी म्हणालो, "मले काकानं वाचवलं."

"मंग त्याले बुद्धी कोनं देल्ली? मारोतीनंच ना?" आत्यानं विचारलं.

पंगत हसली. मी बुंदीचं पान पुढे सारलं. मी तलाठी भरतीचा फॉर्म भरलेला मुलगा. नोकरी लागली की जन्माचं सार्थक, एवढीच माझी समज. त्यासाठी मारोतीनं एक माणूस विहिरीत टाकायचा? काकांचं काम काय, मला वर पाठवणं?

उठून म्हणालो, "उजेड दिसला नव्हता. मी खोटं बोललो."

"धूर चढला डोक्यात अजून," आत्या म्हणाली आणि वाढपी पुढे सरकला.

हात न धुताच वाशिमच्या एसटीसाठी थांब्यावर गेलो. तिथे काकीचा फोन आला.

"नळी काढली बाबू. डोये उघडले त्यायनं. पन मले ओयखून नाई राह्यले."