बारा नंबरचा दगड

आमच्या कॉलेजात भूशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणारा सुनील राठोड म्हणजे धुण्याचं वेड लागलेला माणूस. परीक्षा जवळ आली की खनिजांचे सगळे नमुने साबणाने घासून पेपरावर वाळत घालतो. मी ऑफिसातली क्लार्क. मी म्हणते, सुनील, आता त्यांना पावडरही लाव. दगड ओळखायचं काम मात्र विद्यार्थ्यांचं. ते बिनपॉलिशच्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दगड घासतात आणि उमटलेल्या रेघेच्या, म्हणजे कसाच्या, रंगावरून नाव लिहितात. सर लोक रेघ बघून मार्क देतात. भिंतीवरची नंबर आणि नावांची यादी सुनीलशिवाय कुणी वाचत नाही.

परवा नव्या फरश्या आल्या. एक तपासावी म्हणून त्यानं बारा नंबरचा दगड घासला. रेघ लाल! यादीत बारा म्हणजे मॅग्नेटाइट, कस काळा. त्यानं हात धुतले, दगड धुतला, फरशी बदलली. लालच. अकरा नंबर हेमॅटाइट, त्याचा कस लाल हवा, तर तो काळा.

"मॅडम, हे काय होऊन राह्यलं? फरश्याच खराब असतीन काय?"

मला काय कळणार! दोन्ही दगड काळे, दोन्ही जड.

"नंबर कुणी टाकले होते?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. अकरा वर्षांपूर्वी धुता धुता नंबर निघून गेले आणि यानं नुसतं पाहून ते परत रंगवले. त्याच वर्षी त्याची बहीण ममता परीक्षेला होती. आदल्या दिवशी त्यानं तिच्याकडून नंबर आणि नावं गुपचूप पाठ करून घेतली. दोन दगडांचे चार मार्क. ममता तीन मार्कांनी नापास झाली, कॉलेज सुटलं, लग्न होऊन नेरला गेली. "तुयं ध्यानच नोतं," असं म्हणून यानं तिला किती वेळा बोलून घेतलं होतं.

"पण तिनं घासून पाहिलंच असेल ना?"

हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. फोन मीच लावायला लावला.

"ममता, बारा नंबरचा कस कोन्ता आलता तुले?"

"लाल," ती लगेच म्हणाली.

"मंग मॅग्नेटाइट काहून लिवलं?"

"भिया, तूच सांगतलं होतं ना. मले वाटलं, मलेच घासता येत नाही."