पहिलं नको

माझं अक्षर वाकडंतिकडं येतं आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच नीट कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही कोणी वाचणार नाही, तरी चुकांची माफी आधीच मागून ठेवते. माफी मागायची मला सवयच आहे. फक्त एकदा मागायला हवी होती तेव्हा मागितली नाही, आणि तेच लिहायला बसले आहे.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. कोल्हारला आमचं घर नगर-मनमाड रस्त्याला लागून होतं. पुढे लांबलचक ओटा, त्यावर दोन दारं. एक थोरल्या जावेचं, एक माझं. शिर्डीला जाणारी माणसं, ट्रकवाले, बाजाराला आलेले व्यापारी आमच्या ओट्यावर जेवायला थांबत. घरगुती जेवण, पोटभर, रुपयाला ताट. हा उद्योग जावेने सुरू केला. आधी आम्ही दोघी मिळूनच करायचो. मी आत चुलीपाशी, ती बाहेर वाढायला. मला परक्या माणसासमोर तोंड उघडता येत नसे. पदर डोक्यावर घेऊन ताट ठेवायचं आणि दाराआड उभं राहायचं, एवढंच मला जमत होतं.

भाकरी मात्र माझी होती. बाजरीची, पातळ, पूर्ण फुगणारी, काठाला न फाटणारी. मी आत थापत असे आणि बाहेरून ऐकू येई, “वहिनी, भाकरी काय झालीय हो तुमची! पुण्यात अशी मिळायची नाही.” त्यावर जाऊ हसायची आणि म्हणायची, “मग घ्या की अजून येक.” ही माझ्या धाकट्या जावेने केलीय, असं तिने एकदाही म्हटलं नाही. एकदाही नाही. मी मोजत होते.

माणसं तिचा निरोप घेऊन जात, पुढच्या खेपेला तिची चौकशी करत येत. तीही कुणाला विसरत नसे. “तुमच्या पोरीचं जमलं का? ते नाशिकचं ठिकाण आलं हुतं ते?” असं वर्षानं आलेल्या माणसाला विचारायची, आणि तो माणूस ताटावर बसायच्या आधीच निम्मा जेवल्यासारखा खूश. मला त्या हसण्याचा राग येई. धुराने डोळे चुरचुरतात असं मी सांगायचे. खरं कारण भिंतीपलीकडचं तिचं हसणं होतं.

शेवटी मी ह्यांच्याजवळ हट्ट धरला की माझी चूल वेगळी हवी, माझं गिऱ्हाईक वेगळं हवं.  जाऊ एवढंच म्हणाली, “कर की. वटा लांब हाय.”

मला वाटलं होतं भाकरी बोलेल. भाकरी बोलली नाही. तिच्या दारात जागा नसली की माणसं माझ्याकडे बसत. मी ताट ठेवायचे, दाराआडून बघत राहायचे. भाकरी संपत आली की टोपली घेऊन बाहेर यायचे. माणूस ताटावर हात आडवा धरून म्हणायचा, “नको.” मी परत आत. तो पाणी पिऊन उठायचा, रुपया ठेवायचा आणि समोरच्या गाडीवर जाऊन भेळ खायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते आणि मला कळत नव्हतं. आमचे हे एकदा म्हणाले, “तुझ्या खानावळीत मानसं उपास सोडायला येत्यात का धरायला?” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अशातच नगरच्या एका शाळेचे गुरुजी एसटीतून उतरले. जाऊ त्या दिवशी राहुरीला लेकीकडे गेली होती. गुरुजी मागच्या साली, आमची चूल एक असताना, तिच्याकडे जेवून गेले होते. म्हणाले, “पुढच्या शनिवारी मुलांची सहल शिर्डीहून परतताना दोनच्या सुमाराला इथे थांबवतो. चाळीस मुलं आहेत. त्या बोलक्या वहिनी कुठे आहेत?”

मी म्हटलं, “गावाला गेल्यात.”

“मग हा इसार त्यांना द्या. वीस रुपये. बाकीचे जेवण झाल्यावर. त्यांच्या हातची भाकरी मुलांना खाऊ घालायचीय मला.”

त्यांच्या हातची. हे शब्द त्यांनी उच्चारले नसते तर कदाचित मी ते पैसे संध्याकाळी जावेच्या हातात ठेवले असते. मी नोटा पदराला बांधल्या. संध्याकाळी ती आली, पाय धुतले, लेकीच्या घरच्या गमती सांगत बसली. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्या पैशांतून ताटं आणि वाट्या आणल्या. मनाशी म्हटलं, एकदा चाळीस माणसं माझ्या दारात जेवली की सगळ्या रस्त्याला कळेल.

आता लिहिताना हसू येतं, पण माझा बेत असा होता की जाऊ दीडच्या सुमाराला झाकपाक करून आडवी होते, तिला कळणारच नाही. चाळीस पोरं आणि एसटीची गाडी, आणि ती भिंतीपलीकडे झोपून राहणार!

शनिवारी मी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या. शंभर. वांग्याचं भरीत, पिठलं, मिरचीचा ठेचा, ताक. दोनला गाडी आली. गुरुजींनी विचारलं, “वहिनी?” मी मान खाली घालून म्हटलं, “अजून बाहेरगावीच.” ते जरा थबकले, पण मुलं भुकेली होती, पंगत बसली.

त्या मुलांना गुरुजींनी बजावून आणलं होतं, लोकांच्या दारात हावरटपणा करायचा नाही, मागून घ्यायचं नाही. एकेक भाकरी संपली. मी टोपली घेऊन ओळीने निघाले. पहिला मुलगा म्हणाला, “नको.” मी पुढे गेले. दुसरी मुलगी म्हणाली, “नको.” मी पुढे गेले. ओळीच्या टोकाला पोचले तेव्हा टोपली जवळपास भरलेलीच होती आणि चाळीस मुलं रिकाम्या ताटांकडे बघत बसली होती. गुरुजी माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. जाऊ डोळे चोळत बाहेर आली.

“अहो, वहिनी!” गुरुजी उठलेच. “तुम्ही आहात की घरी! ह्या म्हणाल्या बाहेरगावी. आणि इसार पोचला ना तुम्हाला? वीस रुपये?”

जावेने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. टोपलीकडे बघितलं, ताटांकडे बघितलं.

“पोचला की,” ती म्हणाली. “आत्ताच आले मी. जरा पडले हुते.”

मग तिने माझ्या हातातून टोपली घेतली आणि पदर खोचला. “काय रं, नको म्हनतूस? तुझी आई मला काय म्हनंल, पोराला उपाशी लावलं? घे. ए चष्मेवाल्या, तुला आर्धी का सबंद? सबंदच घे, आर्धीनं प्वाट भरत नसतं. अन् तू गं? नको? नगरच्या पोरी वाऱ्यावर जगत्यात काय?” मुलं खिदळायला लागली. तेच मूल तीन वेळा नको म्हणून चौथ्यांदा ताट पुढे करत होतं. ती कोणाच्याही पहिल्या नकोला हलत नव्हती. नुसती उभी राहायची, टोपली कमरेला लावून, जसं काही त्याचं नको ऐकूच आलं नाही.

टोपली रिकामी झाली. गुरुजी हात धुताना म्हणाले, “वहिनी, तुमच्या हाताला चव आहे.”

ती हसली. तिने माझी अब्रू झाकली होती हे मला त्या क्षणीही कळत होतं, आणि तरी माझ्या पोटात जे पेटलं ते उपकाराचं नव्हतं. तिने मला वाचवता वाचवता माझी भाकरी पुन्हा एकदा नेली, एवढंच मला दिसत होतं. उरलेले पैसे गुरुजींनी तिच्याच हातात दिले. तिने ते माझ्या ओट्यावर ठेवले, मोजलेसुद्धा नाहीत.

गाडी गेल्यावर ती म्हणाली, “इसार कुटं हाय?”

“ताटं आणली.”

“माझ्या नावाचा इसार. फेडायचा.”

मी खरं तर तिथे माफी मागायला हवी होती. पण आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड उघडलं ते भलत्याच गोष्टीसाठी. “आणि भाकरी कोणाची होती ते का नाही सांगितलं? इतकी वर्षं एकदा तरी सांगितलं का कुणाला?”

“तू सांगायचं. तुला न्हाई का तोंड?”

“तुम्ही माझी भाकरी विकली, जाऊबाई.”

“व्हय, इकली. अन् तू माझं वाढनं चोरलंस. ते मास्तर भाकरी खायाला आल्ते व्हय? तुला वाटतं वाढनं म्हंजी नुसतं टोपली फिरवनं. दिसभर हसून हसून गाल दुखत्यात माझे, धाकटे. घरात कुनी आजारी असू, मन ठिकान्यावर नसू, तरी हसायचं. परक्या घरी मानूस पैल्यांदा नकोच म्हनतं. त्याला लाज वाटती. त्याची लाज आपन घालवायची आस्ती. तू तुझीच धरून बसतीस.”

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. रात्रभर तिच्यावर चिडले, पहाटे स्वतःवर. गुरुजींनी दिलेले उरलेले पैसे वाण्याच्या उधारीतच गेले, पण वीस रुपये फेडायचेच होते, आणि फेडायला गिऱ्हाईक पोटभर जेवून परत यायला हवं होतं.

पहिल्यांदा मी उभी राहिले ती कांद्याच्या ट्रकवाल्यासमोर. तो म्हणाला, “नको.” माझे पाय आत वळत होते. मी ते वळू दिले नाहीत. टोपली धरून तशीच उभी. तो वर बघेना, मी खाली बघेना. जावेसारखं हसणं, चेष्टा करणं मला येत नव्हतं. शेवटी एवढंच म्हटलं, “घ्या. गरम आहे.” त्याने हात बाजूला केला. आणखी दोन घेतल्या. आठ दिवसांनी तोच ट्रक परत थांबला, आणि बरोबर आणखी एक.

पैसे मी साठतील तसे देत गेले. कधी दोन रुपये, कधी एक. जाऊ ओट्यावर धान्य निवडत बसलेली असायची. हात पुढे करायची, नोट घ्यायची, “ऱ्हायले बारा,” म्हणायची. मला वाटायचं, एकदा तरी म्हणेल, राहू दे गं. ती म्हणाली असती तरी मी ऐकलं नसतं, पण तिने म्हणायला हवं होतं. ती नाही म्हणाली. तिच्या पंगतीत हशा चालूच होता, आणि माझ्याकडे जेवणारी माणसं जाताना तिच्याशी दोन शब्द बोलूनच जात. ते अजूनही माझ्या डोळ्यात सलायचं. एकदा तर माझा ट्रकवाला तिच्या दारात उभा राहून आपल्या म्हशीची कहाणी सांगत होता. मी आत तवा इतक्या जोराने आपटला की दोघे गप्प झाले.

चैत्रात शेवटचे तीन रुपये झाले. मी दुपारी तिच्या दारात गेले. ती आडवी झाली होती, उठून बसली. मी म्हटलं, “हे तीन. आणि जाऊबाई, इसार मी दाबला ते चुकलं माझं.”

तिने माझ्याकडे बघितलं, पैसे घेतले, बोटाला थुंकी लावून तीन नोटा वेगळ्या करून पाहिल्या. मग आधीच्या सगळ्या खेपा मोठ्याने जोडल्या. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून जोडल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी.

“वीस,” ती म्हणाली. “फिटले.” आणि नोटा कनवटीला लावल्या.